आत्याच्या मागे राहते ते कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील निधनवार्तांमध्ये ‘त्यांच्या पश्चात भाचे, भाच्या, पुतणे असा परिवार आहे’ हे वाक्य नेहमी दिसते. ती बहुधा कोणाची तरी आत्या किंवा मावशी असते; शिक्षिका, नर्स, नाहीतर टपालखात्यातली कारकून. ऐन विशीत विधवा झालेली किंवा लग्नच न केलेली. भावाच्या मुलांची फी तिच्या पगारातून गेलेली असते, भाचीच्या बाळंतपणाला रजा टाकून तीच धावून आलेली असते. तेराव्याला सगळे तिच्याविषयी भरभरून बोलतात. पण बातमीतला हा परिवार कायद्याच्या लेखी तिचा वारस असेलच असे नाही, आणि हे कळते ते बँकेत पासबुक घेऊन गेल्यावर.

हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मिळकत आधी मुले व पतीकडे जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे. आईवडिलांचा क्रम त्यानंतर आणि भावंडे त्याहून मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत येते. स्वकष्टाच्या कमाईला ही सवलत नाही. म्हणजे विधवा आत्याने तीस वर्षे नोकरी करून घेतलेला फ्लॅट तिच्या दिराच्या मुलांना जाऊ शकतो, मग त्यांनी तिचे तोंडही पाहिलेले नसो.

हे नारायणीदेवींच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले. 1955 मध्ये लग्न झाले आणि तीन महिन्यांत पती सर्पदंशाने गेले. सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरीला लागल्या. 1996 मध्ये त्या मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांच्या ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधीवर हक्क सांगायला पतीच्या बहिणीची मुले पुढे आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2009 मध्ये निकाल त्या मुलांच्या बाजूने लागला. सहानुभूतीवर वारसा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कलमाचे शब्द पाहता दुसरे काही हाती लागणे कठीणच होते. अशा मिळकतीत माहेरच्यांनाही वाटा द्यावा, असे विधी आयोगाने आपल्या 207 व्या अहवालात 2008 सालीच सुचवले होते. ती दुरुस्ती झालीच पाहिजे. पण आज हयात असलेल्या आत्या-मावश्यांनी तिची वाट पाहत बसू नये; मृत्युपत्र करावे.

अविवाहित आत्याची मिळकत आईवडील नसल्यास भावंडांकडे आणि आधी वारलेल्या भावंडांच्या मुलांकडे जाते. त्यामुळे जिने शेवटची दहा वर्षे आत्याचे औषधपाणी केले ती भाची, तिचे वडील हयात असतील तर, रिकाम्या हातीच राहते. ‘माझं नाव नॉमिनी म्हणून आहे’ हा दिलासाही फसवा. बँकेच्या ठेवीत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणजे पैसे वा ताबा घेणारा विश्वस्त, मालकी वारसांचीच.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही; तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच. आत्याने त्यांच्या देखत सही करावी आणि त्यांनी तिच्या देखत. साक्षीदार तिच्याहून वयाने लहान असावेत, कारण पुढे त्यांनाच कोर्टात उभे राहावे लागते. समवयस्क मैत्रिणी तोवर असतीलच असे नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. त्याने वकील ठरवणे, मजकूर सांगणे, सहीच्या वेळी शेजारी बसणे हेही टाळावे. संशय तिथूनच सुरू होतो. वय फार असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. प्रत्येक पानावर सही आणि खाडाखोडीपाशी तिची व साक्षीदारांची सही हवी.

मजकुरात ‘माझे दागिने भाच्यांना’ असे मोघम लिहू नये. ‘मोहनमाळ, अंदाजे दीड तोळा, अमुक बँकेच्या लॉकरमध्ये, भाची अमुक हिला’ असे पूर्ण नाव-पत्त्यासह लिहावे. ‘याखेरीज माझे जे काही असेल ते’ कोणाला, हे वाक्य हमखास राहते आणि नंतर निघालेली एखादी मुदतठेव त्यामुळेच अडकते. ‘ही माळ माझ्यामागे तुझी’ हा तोंडी शब्द टिकत नाही. जिवंतपणी स्वखुशीने हातात दिलेली माळ मात्र त्याच क्षणी त्या भाचीची होते. ज्या आत्यांना देण्यातच आनंद आहे, त्यांनी दागिन्यांपुरते तरी असेच करावे. भाचीच्या गळ्यात ती माळ बघायला त्या स्वतः असतील.

अनेकींना आपल्या शाळेतल्या गरीब मुलींसाठी काही ठेवायचे असते. तिथे ‘आमच्या शाळेला’ एवढेच लिहिल्याने देणगी वादात सापडते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पैसा कशासाठी वापरायचा, हे तिन्ही लिहावे. मुख्याध्यापकांकडून ही माहिती एका फेरीत मिळते.

आपला,
एक निवृत्त दुय्यम निबंधक, सातारा