वरून जड झालेली बोट

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुमचा जन्म गोदीत गेला, म्हणून ही गोष्ट फोनवर न सांगता सविस्तर लिहितेय.

इथे हॅम्बुर्गच्या फेडल भागात अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांच्या वसाहतीचं संग्रहालय आहे. 1892 मध्ये शहरात कॉलऱ्याची साथ आली, आठ हजारांवर माणसं गेली, आणि खापर फुटलं रशियातून आलेल्या गरिबांवर. पुढे 1901 मध्ये हापाग या जर्मन बोटकंपनीच्या आल्बर्ट बालिननं ही वसाहत उघडली. राहायच्या खोल्या, डॉक्टर, चर्च, सिनेगॉग, ज्यूंचं वेगळं स्वयंपाकघर. धर्मादाय नव्हे हं! अमेरिकेनं नाकारलेल्याला परत आणायचा खर्च बोटकंपनीच्या माथी पडायचा. त्यापेक्षा इथेच तपासून घेतलेलं बरं.

याच कंपनीची ‘इम्पेराटोर’ 1913 मध्ये न्यूयॉर्कला निघाली. त्या वेळी जगातली सगळ्यात मोठी बोट. वरच्या वर्गाला संगमरवरी न्हाणीघरं, पॉम्पेईच्या धर्तीचा पोहण्याचा तलाव. तळाच्या स्टिअरेजमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त वर्गात, 1,700हून जास्त माणसांची सोय. नाकाडावर ब्राँझचा गरुड, तोही कशाला, तर क्युनार्ड या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीच्या नव्या बोटीपेक्षा आपली लांबी जास्त भरावी म्हणून! वादळात त्याचे पंखच गेले.

आणि बोट वरून जड. इतकी कलंडायची की काही महिन्यांतच गोदीत परत आणावी लागली. धुराडी जवळजवळ तीन मीटरनं कापली, वरचा संगमरवर काढला, जड फर्निचर जाऊन वेताच्या खुर्च्या आल्या, आणि तळात 2,000 टन सिमेंट ओतलं. तुम्ही ड्रॉइंग बघूनच कपाळाला हात लावला असतात.

मग महायुद्ध. बोट हॅम्बुर्गलाच अडकली, आणि नंतर त्याच क्युनार्डकडे गेली, ‘बेरेंगारिया’ नावानं. कैसरनं गादी सोडली त्या दिवशी, 9 नोव्हेंबर 1918 ला, बालिन झोपेच्या गोळ्यांनी गेला. 1921 आणि 1924 मध्ये अमेरिकेनं येणाऱ्यांच्या संख्येवर कायद्यानं मर्यादा घातली आणि स्टिअरेजचा धंदाच बसला. मला वाटतं, या कंपन्या खऱ्या अर्थानं तळातल्या भाड्यावरच उभ्या होत्या. मिरवला मात्र वरचा संगमरवर.

आई, उन्हाळ्यात आलात की एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, जाऊ. स्टेशनपासून फार चालायचं नाही, तुझ्या गुडघ्याला झेपेल. व्हिसासाठी विम्याचा कागद तेवढा या आठवड्यात पाठवा.

तुमची,
मनू