फलकावर माझेही नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मच्छेजवळच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. गेल्या वर्षी कॅन्टीनबाहेर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी नेमलेल्या अंतर्गत समितीचा फलक लागला. त्यात माझेही नाव होते. ते मला शिलाईतल्या एका मावशींनी दाखवले. "तुझं नाव लावलंय की गं, कशाचं हाय?" मलाही सांगता येईना.

पुढे प्रशिक्षणही झाले. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, पडद्यावर इंग्रजी स्लाइड. खानापूर, नंदगडहून सकाळच्या बसने येणाऱ्या बायका मस्टरवर सही करून उठल्या. भाषेचा वाद मला उकरायचा नाही. हुक्केरीकडची कन्नड बाईही त्या इंग्रजीपुढे आमच्याइतकीच मुकाट होती. लाइन सुपरवायझरना तर बोलावलेच नव्हते, त्यांना म्हणे माल पाठवायची घाई. फोटो मात्र झकास आला.

मग २०१३ चा कायदा मीच घरी मोबाइलवर वाचला. कलम १९ प्रमाणे ठरावीक काळाने कार्यशाळा घेणे, समितीच्या सदस्यांना तयार करणे, ही मालकाची जबाबदारी. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. जिला लिहिता येत नाही तिला समितीतल्या कुणीतरी मदत करायची. म्हणजे मीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना पाच-सहा जणींना आपल्या बोलीत सांगितले. टाका बघायच्या निमित्ताने पाठीवर हात ठेवणे, पाळी आलीय का म्हणून हसत विचारणे, मोबाइलवर घाणेरडे काही दाखवणे. एकीने हातातली भाकरी तशीच ठेवली. "पाठीवर हात बी त्यातच येतंय?" येते म्हटल्यावर कुणी बोलेना. तेवढ्यात भोंगा झाला.

हे झाले आमच्यासारख्या मोठ्या जागेचे. शहापूर-वडगावला चार मागांच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या, किंवा घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे काय? जिथे १० पेक्षा कमी माणसे कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. पण ती बसते कुठे, हे ज्यांना हवे त्यांनाच ठाऊक नाही. प्रशासनाने तिचा पत्ता मराठी आणि कन्नडमध्ये रेशन दुकानांवर, ग्रामपंचायतीत लावावा. आपणही तो एकदा ठळक छापावा. कात्रण मी कॅन्टीनच्या फलकाशेजारी चिकटवीन.

एक वाचक, ता. बेळगाव