श्रीधरनसाहेब आणि आमची पाटी

कोल्हापूर,
१२ जून

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्याकडून निघालो, वैभववाडीपर्यंत रेल्वेनं आलो आणि पुढं एसटीनं करूळचा घाट चढलो. पावसाळा नुकताच लागलाय. रेल्वेच्या खिडकीतून जांभ्याच्या उभ्या कापलेल्या भिंती अगदी हाताच्या अंतरावरून जात होत्या, त्यांतून पाणी झिरपत होतं. ही वाट कुणीतरी खणली, या विचारानं मन भरून आलं.

ही रेल्वे बांधणारे अभियंते ई. श्रीधरन यांचा आज वाढदिवस, म्हणून लगेच लिहायला बसलो. १९६४ च्या डिसेंबरात वादळानं रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडला. तेव्हा ते जेमतेम बत्तीस वर्षांचे. दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी तीन केले, आणि त्यांनी ४६ दिवसांत गाडी सुरू केली. समुद्रात गेलेले गर्डर (पुलाच्या लोखंडी तुळया) कोळ्यांच्या मदतीनं शोधून काढून पुन्हा बसवले. माहिती कुणाकडं आहे ते ओळखून त्याच्याकडं जायचं, हे मला फार मोठं वाटतं.

कोकण रेल्वेचं काम हाती आलं ते १९९० मध्ये, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस या नेत्यांनी हा मार्ग लावून धरला होता. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे आणि त्यात आमच्या सह्याद्रीचा पाऊस. कार्यालयांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावलेली. तरी पेडण्याच्या बोगद्यात चिखलासारखी माती खचत राहिली आणि मुदत चुकली. संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. कामात जीव गेलेल्यांचं स्मारक रत्नागिरीत आहे. तू गेलास की तिथं माझ्या नावानं एक फूल ठेव.

पण विलास, मला सर्वांत जवळची वाटते ती २००९ ची गोष्ट. दिल्ली मेट्रोचा बांधकामाधीन पूल कोसळून माणसं दगावली. श्रीधरनांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि ते पुन्हा कामाला लागले, ते २०११ अखेरपर्यंत. ठेकेदार होता, अभियंते होते, बोट कुणाकडंही दाखवता आलं असतं.

गेल्या महिन्यात आमच्या फौंड्रीत पंपाच्या कास्टिंगचा एक अख्खा लॉट परत आला. मशीनवर पहिला कट घेतला आणि ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली भोकं, उघडे पडले. साच्याच्या रेतीत ओल जास्त होती. मोल्डिंगच्या पोरानं सकाळी येऊन सांगितलं होतं, ‘साहेब, आज मुठीत रेती फार चिकटतीया.’ डिस्पॅचची घाई म्हणून मीच ओतायला लावलं. रिजेक्शनच्या कागदावर ‘जबाबदार’ असा रकाना असतो. वर्षानुवर्षं तिथं मोल्डरचं नाव लिहिलं जातं. मी माझं लिहिलं. हात थरथरला, खोटं कशाला सांगू. मालक बराच वेळ कागदाकडं बघत बसले, मग म्हणाले, ‘नवा लॉट किती दिवसांत?’

एकवीस दिवस मागून घेतले. भट्टीशेजारी पाटी टांगलीय. रोज सकाळी तो मोल्डिंगचा पोरगाच पुसून एक आकडा कमी करतो, आणि त्यानं मुठीत रेती दाबून ‘चालतंय’ म्हटल्याशिवाय ओतकाम सुरू होत नाही.

आज पाटीवर नऊ आहे. लॉट गेला की रविवार धरून येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अशोक