आकडा मला सांग

राहुरी
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेचा शेवटचा हप्ता भरला गं. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मिळाला. भाऊजी जामीनदार होते, त्यांना आधी दाखवून आले. बिचारे इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. तुला फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तू "बरं झालं बाई" म्हणून विषय बदलतेस. आज मला तो बदलू द्यायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

२०२१च्या मे महिन्यात हे कोरोनाने गेले तेव्हा मला रडायलाही सवड मिळाली नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, चेहरासुद्धा धड दिसला नाही. दहाव्याला चार माणसं. आणि तेरावा व्हायच्या आत टेम्पोच्या हप्त्याचा फोन. रात्री डोकं टेकलं की ह्यांच्या आधी हप्त्याची तारीख आठवायची, आणि त्याचीच मला लाज वाटायची. नातेवाईक वाईट नव्हते गं. पण मी फोन केला की त्यांचा आवाज आधीच आखडायचा, ही आता पैसे मागणार म्हणून. मग मीच फोन बंद केले. आई विचारायची, किती देणं आहे? मी म्हणायचे, आहे थोडंफार.

तहसीलच्या व्हरांड्यात, संजय गांधी निराधार योजनेच्या फॉर्मसाठी उभ्या असताना तूही तेच विचारलंस आणि मी तेच उत्तर दिलं. तू म्हणालीस, "थोडंफार म्हणजे किती? आकडा सांग." तुझेही मालक त्याच लाटेत गेलेले, तुझ्याही हातात तसलाच फॉर्म. पिशवीतून बचत गटाच्या हिशेबाची वही काढलीस आणि मागच्या पानावर लिहायला लागलीस. दागिने तारण ९०,०००. पतसंस्था २,००,०००. खासगी ८०,०००. टेम्पोचे राहिलेले १,८५,०००. हातउसने ६५,०००. बेरीज तू दोनदा तपासलीस आणि वही माझ्यापुढे धरलीस. ६,२०,०००. मी तो आकडा तोवर कधी एका जागी पाहिलाच नव्हता. तिथेच, त्या गर्दीत, मला रडू फुटलं. कर्जासाठी नाही, ह्यांच्यासाठी. तू "रडू नको" म्हणाली नाहीस. पेनाचं टोपण दातात धरून माझं रडणं संपेपर्यंत उभी राहिलीस, आणि मग विचारलंस, "तुझ्या मालकांचं पासबुक कुठंय?"

ती पासबुकातली ३३० रुपयांची नोंद मी शंभरदा पाहिली असेल. बँकेने काहीतरी कापलंय एवढंच मला कळायचं. तू तिच्यावर बोट ठेवलंस: "ही जीवन ज्योती विम्याची. मे २०२०ला कापलेत, म्हणजे ३१ मे २०२१पर्यंत विमा चालू. तुझे मालक कधी गेले?" नऊ मेला. क्लेमला उशीर झाला होता, म्हणून कारणाचा अर्जही तूच लिहून दिलास. दोन लाख आले. मला आधी नणंदबाईंचे द्यायचे होते, त्यांचं बोलणं सहन होत नव्हतं. तू म्हणालीस, "बोलू दे, त्यांच्या पैशाला व्याज नाही." खासगीवाल्याचं शेकडा पाचने महिन्याला ४,००० नुसतं व्याज जात होतं. त्याने माझा कोरा सही केलेला स्टॅम्पपेपर ठेवून घेतलेला. तू त्याच्या ओट्यावर बसून शांतपणे परवाना मागितलास, २०१४च्या सावकारी कायद्याचं नाव घेतलंस, आणि उद्याच सहायक निबंधकांकडे अर्ज देतो म्हणालीस. मुद्दल घेऊन स्टॅम्पपेपर परत दिला त्याने. उरलेल्यातून माझं गंठण सुटलं.

दवाखान्याच्या बिलाचंही तुझ्यामुळेच झालं. व्हेंटिलेटरसकट आयसीयूचे दिवसाला ९,००० हा तेव्हाचा सरकारी दर मला कुठून माहीत असणार? एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांकडे तू घेऊन गेलीस, बिलाचं ऑडिट झालं, ४२,००० परत आले. ते मी तसेच पतसंस्थेत भरले. पोरांचे सरकारी बालसंगोपन योजनेचे पैसे महिन्याला आधी अकराशे, मग बावीसशे पन्नास, त्यात वह्या-दप्तरं निघाली. बाकी सगळं शिलाई मशीनने फेडलं, पिको-फॉल आणि ब्लाऊज.

टेम्पो विकायचा दिवस मात्र हिशेबात बसत नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी रिकामी करायला तू आलीस. काचेवर पोरांची नावं, तशीच राहू दिली आपण. डॅशबोर्डच्या कप्प्यात ह्यांचा कंगवा निघाला, त्यात केस अडकलेले, आणि बाजार समितीच्या कांद्याच्या पावत्यांचा गठ्ठा. मी कंगवा पुसायला लागले तर तू हात धरलास. "असू दे तसाच." तो तसाच कपाटात आहे. संध्याकाळी गाडी वळणावरून गेली तशी तू मला घरी न नेता तुझ्याकडे नेलंस, पिठलं-भाकरी केलीस आणि ह्यांच्याबद्दल विचारत बसलीस. लग्नात कसे दिसत होते, चिडायचे का, गाणी म्हणायचे का. तोवर मला ह्यांच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे ते कागदांबद्दल. आणि येताना तू मला तुझ्या पाकिटातली टिकली लावलीस. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो त्यानंतर, २०२२च्या मे महिन्यात. सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मंदाला ओळखता ना? पैसे बुडवून बसलीय, तुमचा नंबर दिलाय तिने." घाण भाषा होती, लिहीत नाही. तू माझा नंबर दिला नाहीस हे मला लगेच कळलं. मोबाईलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांचं हे काम. ते अ‍ॅप मोबाईलमधले सगळे नंबर ओढून घेतं, आणि तसं करायला रिझर्व्ह बँकेने २०२२लाच मनाई केलीय. राजूच्या डिप्लोमाची फी ना? दिवाळीत मी विचारलं तेव्हा म्हणालीस, चाललंय सगळं ठीक. मंदा, तू मला थोडंफार सांगतेस?

माझा राग नाही. चाकणला एकटी राहून कॅन्टीनच्या कामावर घर चालवतेस, कुणापुढे वाकत नाहीस, सगळं मला ठाऊक आहे. पण ते अ‍ॅप फेडायला दुसरं अ‍ॅप घेऊ नकोस. आलेले मेसेज पुसू नकोस, सगळ्यांचे फोटो काढून ठेव. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवू. ते अ‍ॅप कुठल्या कंपनीचं, ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हेही बघू. माझा मोठा पोरगा शोधून देतो म्हणालाय. मुद्दल किती आणि फीच्या नावाखाली किती कापलं ते वेगळं लिहून काढ. गंठण आहे माझ्याकडे, मोकळं. नाही म्हणायचं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. शिक्रापूरला उतरून चाकणची गाडी धरेन, आपल्याला आता अर्धंच तिकीट. त्याआधी पासबुक भरून घे. राजूला घरी थांबायला सांग, त्यालाही माहीत हवं. पोरं समजून घेतात. मी वही घेऊन येते. तू आकडा सांगायचा, पूर्ण.

तुझीच,
शोभा

ता. क. – त्या माणसाचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही. त्याचा पुन्हा फोन आला तर रेकॉर्ड करून ठेवते, तक्रारीला लागेल.