फॉरमॅट मारण्याआधी एकदा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या गावभागात माझा फोटो स्टुडिओ आहे, २६ वर्षं झाली. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो ही रोजची कामं. गेल्या आठ-दहा वर्षांत त्यात लोकांची ‘उडालेली’ मेमरी कार्डं आणि पेनड्राइव्ह यांची भर पडली. पाटीवर मी हे कधी लिहिलं नाही, पण एकाचं ऐकून दुसरा येतो. त्या अनुभवावरून आपल्या पत्रातून मोबाइल दुकानदार बंधूंना कळकळीची विनंती करतो, की गिऱ्हाइकाला नीट विचारल्याशिवाय कुणाचंही कार्ड फॉरमॅट करू नका.

गेल्या महिन्यात तासगाव तालुक्यातल्या एक ताई आल्या, सोबत सात वर्षांची मुलगी. पाकिटातून कागदाची पुडी काढली, आत नखाएवढं कार्ड. “दादा, ह्यात आमच्या ह्यांचे फोटो होते.” पती गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेले. फोनचा चुरा झाला, कार्ड तेवढं वाचलं. ताईंनी ते आपल्या फोनमध्ये घातलं, तर कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा असं दिसायला लागलं. घाबरून त्या जवळच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, क्विक फॉरमॅट मारलं आणि “चालू झालं बघा वहिनी” म्हणून परत दिलं. वर पैसे न घेता गाणीही भरून दिली. १६ जीबीच्या कार्डात जवळजवळ ११ जीबी गाणी!

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हे ताईही म्हणाल्या. पण घात झाला तो फॉरमॅटनं कमी आणि गाण्यांनी जास्त. हे मी सगळ्यांना शाळेच्या हजेरीपटावरून समजावतो. हजेरीपटावरचं नाव खोडलं म्हणून पोर वर्गातून उठून जात नाही, ते बाकावर बसलेलंच असतं. फोटो डिलीट केला की कार्डाच्या हजेरीपटावर ‘ही जागा मोकळी’ एवढीच खूण होते. क्विक फॉरमॅटमध्ये हजेरीपट नवा कोरा येतो, पोरं तिथंच असतात. त्यांच्या बाकावर दुसरं कुणी आणून बसवलं, की मग मात्र पहिलं पोर कायमचं गेलं. त्यानंतर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही.

मी आधी त्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मूळ कार्ड पुन्हा पुडीत. पुढचं सगळं काम नकलेवर. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी केलेलं. ते हजेरीपट बघतच नाही, थेट बाकं तपासतं. प्रत्येक जेपीईजी फोटो एफएफ, डी८, एफएफ या ठरलेल्या तीन बाइटनी सुरू होतो. ते तीन दिसले की इथून फोटो सुरू, असं धरून ते उचलत जातं. फाइलींची नावं जातात, नुसते आकडे येतात. पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या पोटातच असते, ती बहुतेकदा शाबूत राहते. चारशेच्या वर फोटो निघाले, त्यांत निम्मे तरी सुप्रभातचे. ताईंच्या पतीचे निघाले ३८. तारखांवरून ताई सांगत गेल्या, हा ऑक्टोबर छाटणीचा, हा बेदाणा शेडवरचा.

एक आडवा फोटो अर्धाच आला. वरच्या भागात बापाच्या खांद्यावर बसून हसणारी मुलगी, तिच्या खाली बापाचा चेहरा, आणि गळ्यापासून खाली नुसता राखाडी पट्टा. त्या फोटोचा उरलेला तुकडा कार्डावर दुसरीकडे होता, तिथं आता गाणं बसलं होतं. पट्टा कापून प्रिंट देऊ का, असं मी विचारलं. मुलगी नको म्हणाली. पप्पांनी तिचे पाय धरले होते, ते त्या पट्ट्याखाली आहेत, हे तिला पक्कं आठवत होतं. मी आठ बाय बाराची प्रिंट काढली, तशीच.

फॉरमॅट करून कार्ड नुसतं हातात दिलं असतं, तर यातलं बहुतेक सगळं परत मिळालं असतं. म्हणून जीव तुटतो.

पेनड्राइव्हचीही तीच गत. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस शिरतो, फाइलींच्या जागी बाणाची चिन्हं दिसतात, आणि मुलं समजतात प्रोजेक्ट गेला. बहुतेकदा काहीही गेलेलं नसतं. व्हायरसनं फाइली लपवलेल्या असतात, आणि अॅट्रिब नावाच्या एका कमांडनं त्या पुन्हा दिसतात. तिथंही पहिला सल्ला ‘फॉरमॅट मार’ हाच मिळतो.

चूक माझ्याकडूनही झाली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझा स्टुडिओ पाण्यात होता. टेबलाच्या खणातली कार्डं गाळातून काढली, स्वच्छ पाण्यानं धुतली, आठवडाभर सुकवली. एक सोडून सगळी चालली. त्याच खणातली पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र मी उन्हात वाळवली आणि उतावीळपणे जोडली. टक, टक असा आवाज आला आणि बंद. तरी मी पाच-सहा वेळा पुन्हा जोडून पाहिली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर माहिती वाचणारं हेड तरंगतं. आत गाळाचा कण असला तर प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे तबकडीवर ओरखडा. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, ओलीच पिशवीत बंद करून रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवायची, हे मला नंतर कळलं. ९ लग्नं गेली त्यात. त्यांतल्या दोन घरांतली वडीलधारी माणसं आज नाहीत, आणि त्यांचे शेवटचे बरे फोटो माझ्याकडेच होते.

वाचकांना एवढंच सांगतो, की फोटो गेले असं दिसलं त्या क्षणी कार्ड फोनमधून किंवा कॅमेऱ्यातून काढा. एकही नवा फोटो काढू नका, ‘रिपेअर करू का’ असं कॉम्प्युटरनं विचारलं तर नाही म्हणा, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर परत साठवू नका. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क असेल तर आशा कमी, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. तिथं तर ती लगेच बंद कराच. हार्ड डिस्कमधून आवाज येत असेल तर घरगुती उपाय नकोत.

दुकानदार बंधूंनी काउंटरवर फक्त एक प्रश्न विचारावा, “ह्यात तुमचं काही आहे का?” उत्तर हो आलं तर कार्ड तसंच परत द्यावं, फोटो परत काढून देणाऱ्याकडे पाठवावं. तालुक्या-तालुक्यात असं काम करणारे आहेत. माझ्याकडे पाठवलं तर बघून सांगण्याचे मी पैसे घेत नाही. फक्त त्याआधी गाणी भरू नका.

आपला नम्र,
एक छायाचित्रकार, गावभाग, सांगली