पहारेकऱ्याचे काय?

महोदय,
कैद्यांच्या सुधारणेवरील आपला अग्रलेख पटला; मात्र त्यात पहारेकऱ्याचा उल्लेखच नाही. बेळगावचा हिंडलगा तुरुंग म्हटले की आपल्याला फक्त कैदी आठवतात, तसेच हे. आमचे शेजारी एका तुरुंगात वॉर्डर, म्हणजे पहारेकरी, होते. निवृत्तीनंतरही ते रात्री तीनदा उठून दाराची कडी ओढून पाहतात. हॉटेलात चहाला गेले तरी भिंतीला पाठ लावूनच बसतात. काकू ते हसण्यावारी नेतात. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी सांगितला आहे. जागा रिकाम्या राहिल्या की एकाच्याच अंगावर दोघांची ड्युटी पडते. भरती व्हावीच, तोवर कैद्यांसाठी येणाऱ्या समुपदेशकाने तासभर पहारेकऱ्यांशीही बोलावे.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव