मुद्दल आणि व्याज

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "चाळीस वर्षं झाली तरी पृथ्वी किती तापणार ह्याचा ह्या हवामानवाल्या शास्त्रज्ञांचा आकडा ठरत नाही, सगळ्या गप्पा आहेत," तेव्हा मला काही सुचलं नाही आणि फोन ठेवल्यावर रात्रभर सुचत राहिलं, नेहमीसारखं.

आकड्याचं तुझं बरोबरे. १९७९ ला अमेरिकेतल्या चार्नी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाच्या कमिटीने सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी १.५ ते ४.५ अंश तापेल, आणि २०१३ च्या आयपीसीसी (यूएनची हवामान बदलाची समिती) रिपोर्टातही तेच! पण मुद्दल आणि व्याज वेगळं कर. नुसत्या कार्बनचं मुद्दल साधारण १.२ अंश, त्यावर फारसा वादच नाही, भांडण आहे ते व्याजाच्या दराचं. हवा तापली की दर अंशाला ७ टक्के जास्त वाफ मावते, वाफ परत उष्णता अडवते, झालं व्याज सुरू. हे कागदावरचंच नाही हं, १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, पृथ्वी अर्धा अंश गार झाली तर हवेतली वाफ पण घटली, आणि हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलमधून वाफेचं व्याज काढलं की तेवढा गारवा जुळतच नाही.

खरा घोळ ढगांचा, तो मला इथे सॅन फ्रान्सिस्कोत खिडकीतूनच दिसतो. जुलैत स्वेटर घालून चहा पितोय! खाली गार समुद्र, वर गरम हवेचं झाकण, मध्ये काही शे मीटरचा ढगांचा थर. विमानातून बघितलं तर गादीवाल्याने पिंजून ठेवलेला कापूस. समुद्र काळा, पडेल ते ऊन पितो, हा कापूस ते परत पाठवतो. समुद्र तापला की कापूस विरळ, मग आणखी ऊन आत. पण किती विरळ? मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं, एक चौकोन १०० किलोमीटरच्या आसपास, त्यात हा थर पकडायचा म्हणजे तालुक्याच्या नकाशात तुमच्या अंगणातली तुळस शोधायची.

आणि ऐक, २०२१ च्या आयपीसीसी रिपोर्टात आकडा हलला. आता २.५ ते ४, मधला अंदाज ३. म्हणजे तू ज्याच्या भरवशावर होतास ते खालचं टोकच गेलं, वरचं मात्र अजून नीट बंद होत नाही. सायबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतला कार्बन तर ह्या हिशोबात धरलेलाच नाही. सावकाराने दर सांगितला नाही म्हणून तो कमीच असेल असं तू धरशील का रे? तू तर भिशीचे पैसे पण दोनदा मोजतोस.

काकूंना नमस्कार सांग. साडेअकरा झाले, समोरचा पूल अजून अर्धाच दिसतोय.

तुझा,
दिप्या